तुटक चेबिशेव संघ संतत कसा करावा

चेबिशेव संघाची व्याख्या ठाऊक आहे असं धरतो: संघात ‘न’ इतकी फलनं असतील, तर त्यांचा कोणताही अशून्य रेषीय संयोग जास्तीत जास्त न−१ ठिकाणी शून्य होतो. संतत फलनाचं अशा संयोगाने केलेलं सर्वोत्तम एकसमान सन्निकटन (म्हणजे सर्वांत मोठी चूक कमीत कमी ठेवणारं) नेहमी एकमेव असावं यासाठी नेमकी हीच अट लागते, हे गणितज्ञ आल्फ्रेड हार यांनी १९१८ मध्ये दाखवलं. मात्र त्यांचं प्रमेय संतत फलनांचं आहे. हातातला संघ मध्येच उडी मारत असेल, तर आधी त्याला संतत संघात बसवावं लागतं.

नागपुरात एम.एस्सी.च्या मुलांना हे शिकवताना दरवेळी एकच गोष्ट दिसते. मुलं एकेक फलन सुटं घेतात आणि त्याची उडी बुजवायला बसतात. एखादं फलन असं सुधारेलही, पण संघ मोडतो, कारण अट सगळ्या फलनांची मिळून आहे.

उदाहरण घेऊ. (०, २) या विवृत अंतरालावर तीन फलनं: १, च आणि ब. क्ष < १ असताना च = क्ष, ब = च². क्ष ≥ १ असताना च = क्ष + १, ब = २च² − ३. क्ष = १ पाशी च १ वरून २ वर आणि ब १ वरून ५ वर उडी मारतं.

पहिली पायरी, चिन्ह. चढत्या क्रमाने कोणतेही तीन बिंदू घ्या. तिथल्या तिन्ही फलनांच्या किमतींचा ३×३ निश्चयक सगळीकडे धन हवा. संतत संघात अंतरालावर चिन्ह आपोआप एकच राहतं. तुटक संघात ते तपासावंच लागतं.

दुसरी पायरी, चल बदला. च काटेकोर चढतं आहे, तेव्हा क्ष विसरा आणि च लाच आडवा अक्ष माना. बर्डीच्या बाजारातून साधा आलेख कागद आणा आणि ब चा आलेख च समोर काढा. उडी आता उडी राहत नाही. अक्षावर १ ते २ अशी रिकामी फट होते. आधीची एकही किंमत बदललेली नाही.

तिसरी पायरी म्हणजे ही फट भरणं. मला सर्वांत उशिरा उमगलेली पायरी हीच, म्हणून इथे घाई करू नका.

(१, १) आणि (२, ५) सरळ रेषेने जोडा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. त्या रेषेवर ब − ४च + ३ हा संयोग अख्ख्या फटीभर शून्य होतो, आणि तीन फलनांच्या संघात दोनच शून्यं चालतात. संततता मिळाली, चेबिशेव गुणधर्म गेला. निश्चयक धन असणं म्हणजे या आलेखाचा उतार वाढत जाणं, म्हणून आपल्याला फटीतही काटेकोर बहिर्वक्र, म्हणजे उतार वाढत जाणारा, कंस हवा.

पण कोणताही वक्र कंसही चालत नाही. डाव्या तुकड्याचा १ पाशी उतार २, उजव्याचा २ पाशी ८ आणि मधल्या जीवेचा ४. कंसाचा सुरुवातीचा उतार २ पेक्षा कमी नको, शेवटचा ८ पेक्षा जास्त नको. च = १ + त लिहा (त ० ते १) आणि ब = १ + ४त + क(त² − त) घ्या; क हा आपण निवडायचा स्थिरांक. टोकांचे उतार ४ − क आणि ४ + क येतात, म्हणून क शून्याहून मोठा आणि २ पर्यंतच. मी क = १ घेतो: ब = १ + ३त + त². क = ३ घेऊन पाहाच. च = ०.९, १, १.१ इथे ब च्या किमती ०.८१, १, १.१३ येतात, उतार १.९ वरून १.३ वर घसरतो, तीन बिंदूंचा निश्चयक ऋण होतो आणि संघ तिथेच संपतो. फटी अनेक असतील तर प्रत्येकीचा क वेगळा काढा. सगळीकडे एकच क वापरण्याचा आळस नडतो.

चौथी पायरी, पडताळणी: संपूर्ण (०, ३) वर ब चा उतार सतत वाढतो ना, एवढं पाहा.

राहिली टोकं. [०, १] वर १, क्ष आणि क्ष² घ्या, फक्त क्ष = १ ला तिसऱ्याची किंमत ५ करा. हा अजूनही चेबिशेव संघ आहे, पण फट उभी आहे: क्ष १ वरच थांबतो आणि किंमत १ वरून ५ वर जाते. च चढतं ठेवून ती भरता येत नाही. म्हणूनच रोलंड झिल्के आणि रिचर्ड झालिक या गणितज्ञांच्या या विषयावरच्या कामात, फलनं ज्या संचावर घेतली आहेत त्याला लहानात लहान किंवा मोठ्यात मोठा बिंदू नसावा अशा अटी येतात. असा टोकाचा बिंदू आडवा आला तर तो आधी वगळा, उरलेला संघ संतत करा आणि त्या बिंदूचा हिशेब वेगळा ठेवा.