फौजी पेन्शनर, या चुका टाळा

निवृत्त फौजी डिस्चार्ज बुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत जपतो, मेडल घासून लख्ख ठेवतो, पण पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, उघडून वाचत नाही. पेन्शन वेळेवर जमा होतेय म्हणजे कागद बरोबरच असणार, असा ठाम समज. तो चुकीचा ठरला तर निस्तरावं लागतं ते बायकोला.

पत्नीचं नाव आणि जन्मतारीख न तपासणे

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक नंबर एक. एका सुभेदार साहेबांचं सांगतो. लग्नानंतर पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेतल्या अधिकृत नोंदीत, पत्नीचं माहेरचं नाव लागलं. आधार कार्डावर आलं सासरचं. जन्मतारीख रेकॉर्डमध्ये नव्हतीच. दुरुस्तीचा अर्ज आणून दिला तर म्हणाले, "मी काय लगेच चाललोय का? दिवाळीनंतर बघू."

दिवाळीआधीच साहेब गेले. काकूंचा फॅमिली पेन्शनचा अर्ज नाव जुळत नाही म्हणून परत आला. मुलाला घाई, त्याने एजंट गाठला. एजंटने एका दिवसात प्रतिज्ञापत्र करून दिलं आणि त्यात नावाचं तिसरंच स्पेलिंग टाकलं! रेकॉर्ड ऑफिसच्या (फौजींच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) पत्रात त्या स्पेलिंगभोवती लाल पेनाने गोल केलेला होता. पुढे कित्येक महिने काकूंचा औषधपाण्याचा खर्च उसनवारीवर चालला. साहेब हयात असताना हेच काम त्यांच्या सहीने झालं असतं.

माझी पद्धत साधी आहे. पीपीओ, डिस्चार्ज बुक, दोघांचं आधार, पॅन आणि पासबुक शेजारी शेजारी मांडायचं आणि नावांवर बोट ठेवून अक्षर न् अक्षर ताडायचं. फरक दिसला की आपल्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं: मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांनी बेळगावला, तोफखान्यातल्यांनी नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सवाल्यांनी खडकीला, रणगाड्यावाल्यांनी अहिल्यानगरला. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून गेला तर उत्तम. पोचपावती फाइलला लावा. दुरुस्ती 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर दिसेपर्यंत काम झालं असं धरू नका.

जन्मतारखेचं महत्त्व तर फारच कमी लोकांना माहीत. ८० पूर्ण झाली की पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला १०० टक्के. फॅमिली पेन्शनलाही हे लागू आहे. पत्नीची तारीखच नोंदलेली नसेल तर ती ८० वर्षांची झाली हे कोण मान्य करणार?

जिवंतपणी घर मुलाच्या नावे करणे

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला बक्षीस द्यायला मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. या २०० रुपयांनी भल्याभल्यांना भुलवलंय. "मृत्युपत्र कशाला, आत्ताच देऊन टाकतो, पुढे कटकट नको." पुढे सून-मुलगा बघेनासे झाले की हेच लोक विचारतात, आता काय करू?

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली असं हस्तांतरण रद्द करून घेता येतं. पण मुलगा सांभाळ करील ही अट दस्तात नसेल तर भांडण अवघड जातं. माझं मत विचाराल तर राहतं घर जिवंतपणी देऊच नका, मृत्युपत्र करा. द्यायचंच असेल तर सांभाळाची अट आणि दोघांचा हयातभर राहण्याचा हक्क दस्तात लिहून घ्या. मुलगा रागावला तर रागावू द्या.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला वाटा मिळणार आहे त्याला साक्षीला बसवू नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. आणि "नॉमिनी लावलाय, मृत्युपत्र कशाला" हे बोलणं बंद करा. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारसच. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये हेच सांगितलं.

फॅमिली पेन्शन मृत्युपत्रात लिहिणारे महाभागही भेटतात. ती मालमत्ता नाही, नियमाने ज्याची त्यालाच मिळते.

बाकीच्या, थोडक्यात

फॅमिली पेन्शन किती येईल याचा हिशेबच न करणे. ८० व्या वर्षी गेलेल्या फौजीच्या पत्नीला शेवटच्या पगाराच्या ५० नाही, ३० टक्क्यांवर भागवायचं असतं.

ईसीएचएसवर (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेवर) सगळा भार टाकणे. त्यात दवाखाना आणि औषधं आहेत, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी बसणारं कोणी नाही. तो पैसा वेगळा काढा. १०० टक्के अपंगत्व पेन्शन असेल आणि मदतनीसाची गरज मेडिकल बोर्डाने मान्य केली तर कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स मिळतो. तो मागितल्याशिवाय दारात येत नाही.

अचानक ईसीएचएसच्या पॅनेलबाहेरच्या हॉस्पिटलात भरती झाल्यावर त्यांच्या जवळच्या पॉलिक्लिनिकला ४८ तासांत न कळवणे. नंतर बिल अडतं.

दिव्यांग मुलाचं नाव पीपीओत आधीच न चढवणे. आई-वडील दोघं गेल्यावर ते लेकरू कोणत्या खिडकीवर उभं राहणार?

'स्पर्श'वर सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर टाकणे. यावर मी लोकांशी भांडलोय. ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि हयातीचा दाखला भरायच्या वेळी त्याने नंबर बदललेला असतो. नंबर आपला किंवा पत्नीचा टाका, आणि पासवर्ड पीपीओच्याच फाइलमध्ये, पत्नीला सापडेल असा लिहून ठेवा.