कन्सोल आणि मोठा गेम घेण्याआधी काय बघावं

कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं मशीन, घ्यायचा विषय निघाला की सोनीचा प्लेस्टेशन चांगला की मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, यावरून लगेच वाद सुरू होतो. त्याआधी एक गोष्ट ठरवा: तुम्ही कोणाबरोबर खेळणार? मित्रमंडळी ज्या कन्सोलवर असतील तोच घ्या. क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या कन्सोलवरून एकत्र खेळायची सोय, काही गेममध्ये असतो, सगळ्यांत नसतो, आणि रोज ज्यांच्याबरोबर खेळायचं ते दुसऱ्याच नेटवर्कवर असतील तर भारी ग्राफिक्सचा काही उपयोग नाही.

मी बहुतेक वेळा एकटीच खेळते, मोठ्या कथेचे गेम. तुमचंही तसंच असेल तर खेळावेसे वाटणारे सगळे गेम कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे तो कुठे कुठे मिळतो ते लिहा. बरीचशी नावं दोन-तीन ठिकाणी सापडतील, ती खोडून टाका. उरलेल्या चार नावांवर निवड करा. मारिओ आणि झेल्डाचे नवे गेम हवेत तर निन्टेंडोशिवाय इलाज नाही. सोनीचे कथेचे काही मोठे गेम पीसीवर आलेत, पण बहुधा उशिरा. २०१८ चा ‘गॉड ऑफ वॉर’ पीसीवर यायला जानेवारी २०२२ उजाडला. मायक्रोसॉफ्टने मात्र दार उघडलंय: त्यांचा ‘फोर्झा होरायझन ५’ एप्रिल २०२५ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आला. त्यामुळे फक्त एक्सबॉक्सच्या खास गेमसाठी एक्सबॉक्स घेण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही.

तरीही एक्सबॉक्स मैदानात राहावा असं मला मनापासून वाटतं. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी लावायची आणि वापरलेल्या डिस्कवर बंधनं घालायची असं ठरवलं होतं. सोनीने त्यावर काही सेकंदांचा व्हिडिओ काढला: मित्राला गेम कसा द्यायचा? एकाने डिस्कची डबी पुढे केली, दुसऱ्याने घेतली, संपलं. शिवाय प्लेस्टेशन ४ ची किंमत शंभर डॉलरने कमी होती. थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टने दोन्ही अटी मागे घेतल्या. समोर प्रतिस्पर्धी नसता तर डिस्क उसनी देण्याची मुभा तेव्हाच गेली असती. म्हणून एखाद्या कंपनीची बाजू घेऊन भांडणाऱ्यांना माझं सांगणं असतं की समोरची कंपनी टिकण्यातच तुमचा फायदा आहे.

डिस्कवरून आठवलं. जुने गेम विकणार असाल किंवा उसने देणार-घेणार असाल तर डिस्क ड्राइव्ह असलेलंच मॉडेल घ्या. प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये तो येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. निन्टेंडोच्या स्विच २ कन्सोलच्या गेमच्या डबीवर ‘गेम-की कार्ड’ असं छापलेलं असेल तर कार्डात गेम नसतो. गेम डाउनलोड करायचा आणि खेळताना कार्डही आत ठेवायचं.

स्वस्त मॉडेल घेताना मेमरी (रॅम) बघा. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये ती १६ जीबी आहे, सिरीज एसमध्ये १०. ‘बाल्डर्स गेट ३’ प्लेस्टेशनवर सप्टेंबर २०२३ मध्ये आला, एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये. एसवर स्प्लिट-स्क्रीन (एकाच पडद्याचे भाग करून दोघांनी खेळायची सोय) नीट चालत नव्हती म्हणून तो अडकला होता, आणि शेवटी एसवर ती सोय वगळूनच तो काढला. ती मिळायला २०२५ चा पॅच, म्हणजे सुधारणांचं अपडेट, यावा लागला.

आता मोठ्या बजेटचे गेम. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्टिव्हिजन ही गेम कंपनी विकत घेत होती, त्यावरून अमेरिकेत खटला चालू असताना सोनीने दिलेल्या कागदांवर आकडे मार्करने काळे केले होते, पण स्कॅनमध्ये ते वाचता आले. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ चा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर होता. एवढे पैसे अडकल्यावर तारीख पुढे ढकलणं जड जातं, आणि अर्धवट गेम बाजारात येतात ते बहुतेक यामुळेच. म्हणून ‘जीटीए ६’ आधी २०२५, मग मे २०२६, मग नोव्हेंबर २०२६ असा सरकला तेव्हा मला बरंच वाटलं. घाईपेक्षा उशीर परवडतो.

प्री-ऑर्डर करू नका. डिजिटल प्रती संपत नाहीत. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला त्याआधीची परीक्षणं फक्त पीसीवरची होती. जुन्या कन्सोलवर त्याची अवस्था इतकी वाईट निघाली की आठवडाभरात सोनीने तो स्टोअरवरून काढला. तेव्हा परीक्षण कितीही चांगलं असो, ते कोणत्या मशीनवर खेळून लिहिलंय ते आधी शोधा. मग तुमच्याच मॉडेलवरचा, न कापलेला व्हिडिओ बघा. मोकळ्या माळावर सगळेच गेम छान पळतात. गर्दीचा बाजार निवडा, आणि खेळणारा नजर वळवायला कंट्रोलरची उजवी स्टिक गर्रकन फिरवतो तेव्हा चित्र अडखळतं का ते बघा. तिथे अडखळलं तर पुढच्या मोठ्या पॅचपर्यंत थांबा. ‘सायबरपंक’ सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर फारच सुरेख झाला. मात्र ते अपडेट प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनला मिळालंच नाही.

ऑनलाइन गेमला हा सल्ला थोडा वेगळा लागतो, कारण तिथे माणसं पहिल्या काही आठवड्यांतच जमतात. पण तिथेही निदान पंधरा दिवस जाऊ द्या. ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. लोकांना पैसे परत मिळाले, पण तशी खात्री दर वेळी धरू नका.

राहवलंच नाही आणि पहिल्या दिवशी घेतलात, तर परताव्याचे नियम माहीत हवेत. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे सहज परत मिळतात. प्लेस्टेशन स्टोअरवरही मुदत १४ दिवसांचीच, पण डाउनलोड सुरू केला की गेम सदोष असल्याखेरीज परतावा नाही. त्यामुळे तिथे पैसे भरल्यावर लगेच डाउनलोड लावू नका. आधी त्या दिवशीच्या प्रतिक्रिया वाचा, मग बटण दाबा.