फॉस्टर पालक कसं व्हावं: अर्जापासून मूल घरी रुळेपर्यंत

बालगृहात राहणारं प्रत्येक मूल दत्तक देता येत नाही. कुणाची आई मनोरुग्णालयात असते, कुणाचे वडील तुरुंगात असतात, कुणाचा काका कागदोपत्री पालक असतो पण वर्षानुवर्षं भेटायला फिरकत नाही. अशा मुलांना संस्थेऐवजी घरात वाढता यावं म्हणून बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये प्रतिपालकत्वाची, म्हणजेच फॉस्टर केअरची तरतूद आहे. मूल तुमच्या घरी राहतं, शाळेत जातं, तुमच्या ताटात जेवतं. त्याच्याबद्दलचा शेवटचा निर्णय मात्र बाल कल्याण समितीकडेच, म्हणजे अशा मुलांबाबत आदेश देणाऱ्या जिल्ह्यातल्या कायदेशीर समितीकडेच राहतो. ही एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना मान्य नसेल तर अर्जच करू नये.

परदेशी मालिकांत दिसतं तसं परवान्याचं कार्ड आपल्याकडे मिळत नाही. आधी कुटुंबाची चौकशी होते, ते योग्य ठरवलं जातं आणि विशिष्ट मूल सोपवताना समिती लेखी आदेश काढते. तुमच्या हाती असलेला खरा कागद म्हणजे हा आदेश.

आधी गल्लत दूर करा

जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना खरं तर दुसरंच काहीतरी हवं असतं.

तान्हं बाळ हवं असेल तर हा रस्ता तुमचा नाही. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिपालकत्व ६ वर्षांवरच्या मुलांसाठी आहे. बाळ दत्तक घ्यायचं तर कारा या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर दत्तकासाठी नोंदणी करून रांगेत थांबावं लागतं. त्या प्रक्रियेतही अंतिम आदेशाआधी मूल काही काळ पालकांकडे सोपवतात. ते दत्तकपूर्व प्रतिपालकत्व, त्याचा इथे संबंध नाही. आणि 'ओळखीच्या नर्सकडे एक बाळ आहे, कागद नंतर करू' असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. प्रक्रिया टाळून मूल दत्तक घेणं किंवा देणं हा याच अधिनियमाच्या कलम ८० खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे दिले-घेतले असतील तर कलम ८१ लागतं आणि शिक्षा ५ वर्षांपर्यंत जाते.

भावाचं किंवा बहिणीचं अनाथ मूल तुम्ही आधीपासूनच सांभाळत असाल, तर महाराष्ट्रात बाल संगोपन योजनेची चौकशी करा. आता तिच्या नावात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले हे नाव जोडलं आहे आणि दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज त्याच महिला व बाल विकास कार्यालयात जातो, पण ती योजना वेगळी आणि फाईलही वेगळी.

तुम्ही नियमांत बसता का

पती-पत्नी दोघंही भारतीय नागरिक हवेत आणि दोघांचीही इच्छा हवी. एकाचा हट्ट आणि दुसऱ्याची मूक संमती हे चौकशीला घरी आलेल्या सामाजिक कार्यकर्तीच्या पहिल्या अर्ध्या तासात लक्षात येतं. लग्न टिकून किमान २ वर्षं झालेली असावीत. दोघांच्या वयांची बेरीज किमान ७० हवी. २०२४ पासून अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित आणि कायदेशीर विभक्त व्यक्तीही एकट्याने अर्ज करू शकतात. त्यांचं वय किमान ३५ हवं. कमाल मर्यादा ६ ते १२ वयाच्या मुलासाठी ५५ आणि १२ ते १८ साठी ६०. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कुणालाही सांभाळू शकते, एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगा सोपवतात.

घर स्वतःचंच हवं अशी अट नाही. भाडेकरार चालतो, मात्र करार दोन महिन्यांत संपणार असेल तर नूतनीकरण करूनच अर्ज द्या. उत्पन्न घरखर्च भागून मुलाला पुरेल इतकं आणि नियमित असावं. सरकारी रकमेवर घर चालवायचा विचार असेल तर तो चौकशीत दिसतोच.

कार्यालय गाठा

तुमच्या जिल्ह्यातल्या जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. तिथे 'संस्थाबाह्य काळजी' पाहणारे संरक्षण अधिकारी असतात, भेटायचं त्यांना. कक्षात माणसं कमी असतात आणि तीच माणसं बालविवाह थांबवायलाही धावतात. तेव्हा फोन करून वेळ ठरवा, आणि शक्यतो दोघांनी मिळून जा. ऑनलाइन नोंदणी आणि कागद चढवण्याची सोय काराच्या पोर्टलवर (सीएआरए डॉट डब्ल्यूसीडी डॉट जीओव्ही डॉट इन) आहे. पण नोंदणी करून स्वस्थ बसलं तर फाईलही स्वस्थ बसते. नोंदणी क्रमांक घेऊन कक्षात एकदा तोंड दाखवलेलं बरं.

कागद

आधार, पॅन, रहिवासी पुरावा, जन्मतारखेचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा (पगारपत्रक, आयकर विवरण किंवा तहसीलदारांचा दाखला), विवाह नोंदणी प्रमाणपत्र, एकटे असाल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा जोडीदाराचा मृत्यू दाखला. कुटुंबाचा अलीकडचा फोटो. तुम्हाला ओळखणाऱ्या पण नात्यात नसलेल्या दोन व्यक्तींची नावं.

यात अडतं ते दोन ठिकाणी. पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र वेळ खातं, म्हणून त्याचा अर्ज सगळ्यात आधी करा. घरात प्रौढ मुलगा किंवा दीर राहत असेल तर त्याचंही लागेल का, हे विचारून घ्या. दुसरं म्हणजे वैद्यकीय अहवाल. घरातल्या सगळ्यांचे लागतात, त्यात एचआयव्ही, क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी यांच्या तपासण्या येतात. आजी-आजोबा 'आमची कशाला' म्हणून टाळतात आणि फाईल तिथेच थांबते. विवाह नोंदणी राहून गेलेली जोडपीही खूप. ती नोंदणी करायला हाच मुहूर्त धरा.

गृहचौकशी

सामाजिक कार्यकर्ती घरी येते, तीही बहुधा एकापेक्षा जास्त वेळा. फरशी किती चकचकीत आहे हे ती पाहत नाही. मूल कुठे झोपणार, त्याचे कपडे-दप्तर कुठे राहणार, संडास-न्हाणीघराला आतून कडी आहे का, गॅलरीला गज आहेत का, शाळा आणि दवाखाना किती लांब, दिवसभर घरात कोण असतं हे पाहते. वन रूम किचनमध्ये वेगळी खोली शक्य नसते, हे तिलाही ठाऊक असतं. पण बारा वर्षांच्या मुलीला तुमच्या वीस वर्षांच्या मुलाच्या शेजारी अंथरूण घालणार असाल तर ती व्यवस्था बदलावीच लागेल.

तुमच्या स्वतःच्या मुलांशीही ती बोलते, आणि त्यांना काही पढवू नका. 'मला नको वाटतंय' असं मूल म्हणालं म्हणून अर्ज बाद होतो असं नाही. ते लपवलं तर मात्र सहा महिन्यांनी तेच वाक्य पाहुण्या मुलासमोर बाहेर पडतं.

हमखास येणारे प्रश्न: मूल का हवंय? त्याची आई भेटायला आली तर तुम्ही काय कराल? मूल खोटं बोललं, पैसे उचलले तर? जात-धर्म वेगळा असेल तर? इथे छान छान उत्तरं देऊ नका. 'आमच्याकडे मांसाहार चालत नाही, मुलाला सवय असेल तर बाहेर खाऊ देऊ' हे उत्तर 'आम्ही सगळ्यांना समान मानतो' यापेक्षा कितीतरी उपयोगाचं, कारण त्यावरून जुळणी करता येते.

अहवाल पुढे प्रायोजकत्व व प्रतिपालकत्व मान्यता समितीकडे जातो. ही बाल कल्याण समितीपेक्षा वेगळी. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. बैठक कधी आहे ते कक्षात विचारत राहा.

जुळणी

तुम्ही मूल 'निवडत' नाही. मुलाचा अहवाल आणि तुमचा अहवाल शेजारी ठेवून कक्ष नाव सुचवतो आणि मुलाचं मतही विचारतात. भावंडं असतील तर त्यांना शक्यतो एकत्रच ठेवावं असं कायदा सांगतो. दोन मुलं सांभाळायची तयारी नसेल तर हे चौकशीच्या वेळीच सांगून टाका.

मुलाच्या माहितीत या गोष्टी नक्की विचारा: आजार आणि चालू औषधं, लसीकरण, कोणत्या इयत्तेत आहे आणि खरं वाचता किती येतं, संस्थेत किती काळ होतं, त्याआधी कुठे होतं, कोण भेटायला येतं, कुणाशी संपर्कावर बंदी आहे का, लैंगिक अत्याचाराचा खटला चालू आहे का. शेवटचा प्रश्न अवघड आहे. पण साक्षीसाठी मुलाला न्यायालयात न्यावं लागणार असेल, तर ते तुम्हाला आधी कळायला हवं.

ओळख एका भेटीत उरकू नका. आधी संस्थेत भेटा, मग परवानगी घेऊन मुलाला दिवसभरासाठी घरी आणा.

आदेश हाती आल्यावर

आदेश वाचल्याशिवाय सही करू नका. मुदत पाहा. वर्षभरापर्यंतचं प्रतिपालकत्व अल्पकालीन, त्यापुढचं दीर्घकालीन. दीर्घकालीनची मुदत आढावा घेऊन मूल १८ वर्षांचं होईपर्यंत वाढवता येते. मुलाचं नाव, जन्मतारीख, नातेवाइकांच्या भेटीबद्दलच्या अटी तपासा. नावातली एका अक्षराची चूक आजच दुरुस्त होते, नंतर ती शाळा, आधार आणि बँक अशी तिन्हीकडे छळते. हमीपत्रात तुम्ही लिहून देता की शिक्षण, आरोग्य आणि आहाराची जबाबदारी तुमची, आणि बाल कल्याण समितीने सांगितल्यावर मूल परत सोपवाल.

संस्थेतून निघताना मूळ कागद मागून घ्या: जन्मदाखला असल्यास तो, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरण कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या. आधारला कोणता मोबाइल जोडलाय ते तिथेच विचारा. बहुधा संस्थेचा असतो, आणि मग प्रत्येक ओटीपीसाठी तुम्ही अधीक्षकांना फोन करत बसता. वयाची १५ वर्षं झाल्यावर बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, ते राहिलं असेल तर पुढची कामं अडतात. शाळेने दाखल्यावाचून अडवलं तर शिक्षण हक्क कायदा दाखवा. आठवीपर्यंत वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही आणि बदली दाखल्याला उशीर झाला हे कारणही चालत नाही. मूल अनाथ असेल तर अनाथ प्रमाणपत्राबद्दल कक्षात विचारा. राज्यात शिक्षण आणि शासकीय नोकरीत १ टक्का आरक्षण त्याच कागदावर मिळतं.

मिशन वात्सल्यमध्ये प्रतिपालकत्वासाठी दर मुलामागे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. निधी दर महिन्याच्या एक तारखेला येईल या भरवशावर शाळेची फी ठरवू नका, तो थकून एकदम येतो. खर्चाच्या पावत्या ठेवा.

पहिले काही महिने

सुरुवातीला मूल फार शहाण्यासारखं वागतं. ताट धुतं, विचारल्याशिवाय पाणीही पीत नाही. संस्थेत घंटेवर उठणं, रांगेत जेवणं अंगवळणी पडलेलं असतं. उशीखाली चपातीची गुंडाळी किंवा बिस्किटाचा अर्धा पुडा सापडेल. त्यावर ओरडू नका. रात्री हाताशी लागेल असा खाऊचा डबा ठेवा आणि तो रिकामा होऊ देऊ नका. जेवण संपणार नाही याची खात्री पटली की साठवणं आपोआप कमी होतं.

मग दीड-दोन महिन्यांत उलटं सुरू होतं. खोटं बोलणं, शाळा बुडवणं, 'तुम्ही कुठे माझे आई-बाबा आहात' हे ऐकवणं. मूल तपासून पाहत असतं की चुकलं तर इथूनही हाकलतात का. 'परत बालगृहात पाठवीन' ही धमकी एकदा तरी तोंडून गेली की पुढचं सगळं अवघड होतं. मारहाण तर कायद्यानेच बंद, मुलाशी क्रूर वागणं बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ खाली गुन्हा ठरतं. अंथरूण ओलं होणं, झोपेत ओरडणं याला समुपदेशक लागतो. कक्षाकडे तो मागा, उपकार म्हणून मागू नका.

काय म्हणून हाक मारायची हे मुलाला ठरवू द्या. काका-काकू म्हटलं तरी चालतं. ज्याची आई हयात आहे त्याला दुसऱ्या कुणाला 'आई' म्हणणं ही फितुरी वाटू शकते.

आणि वाढदिवसाचा फोटो स्टेटसला ठेवू नका. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं काही प्रसिद्ध करायला कलम ७४ खाली बंदी आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मामेबहिणींच्या ग्रुपलाही हे आधीच बजावून ठेवा.

भेटी, परवानग्या आणि मूल परत जाणं

प्रतिपालक कुटुंबाची पाहणी दर महिन्याला व्हावी असं कायदा म्हणतो. वही करा: शाळेचे निकाल, दवाखाना, वजन, नातेवाइकांच्या भेटी, काही वेगळं घडलं तर तारीख. मुलाशी कार्यकर्तीला एकटीने बोलू द्या, दाराआड कान देऊ नका.

तुम्ही कायदेशीर आई-वडील झालेले नसता, त्यामुळे आडनाव बदलणं, राज्याबाहेर बदली होऊन मुलाला नेणं, पासपोर्ट, मोठी शस्त्रक्रिया यांसाठी आधी समितीकडे लेखी अर्ज द्या. मालमत्तेत त्याला आपोआप वाटा मिळत नाही. द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा.

जन्मदात्यांना ठरावीक काळाने भेटण्याचा हक्क आहे, समितीने मनाई केली नसेल तर. आईची प्रकृती सुधारली, समितीला ती सक्षम वाटली, की मूल तिच्याकडे जातं. निरोपाआधी दोन्ही घरांत काही दिवस ये-जा ठेवायला सांगा. मूल परत जाण्याची शक्यता उरली नाही, ते दत्तकासाठी मोकळं ठरलं आणि तुमच्याकडे २ वर्षं झाली असतील, तर तुम्ही त्याच्या दत्तकासाठी अर्ज करू शकता. २०२४ आधी ही अट ५ वर्षांची होती.

आणि जमलंच नाही तर? मूल स्वतःहून संस्थेत नेऊन सोडू नका, गावी नातेवाइकांकडेही पाठवू नका. मूल घरातून निघून गेलं तर त्याच क्षणी पोलीस ठाणे आणि १०९८ या बाल मदत क्रमांकाला कळवा, मग कक्षाला. ताण वाढतोय असं दिसलं की संरक्षण अधिकाऱ्यांना लेखी कळवून समुपदेशन मागा, आणि तरीही निभणार नसेल तर समितीकडे अर्ज द्या. दुसरं कुटुंब शोधायला त्यांना काही आठवडे लागतात, तेवढा काळ मूल तुमच्याचकडे राहील असं धरून चाला.