फ्रीबीएसडी बसवताना नेटवर्क इंटरफेस कसा निवडावा

फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना नेटवर्कच्या टप्प्यावर ‘ईएम०’, ‘आरई०’ अशी इंटरफेसची, म्हणजे नेटवर्कच्या पोर्टांची, नावे समोर येतात आणि नवखा माणूस तिथेच अडखळतो. ही नावे ड्रायव्हरवरून, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून, पडलेली असतात: ‘ईएम’ हा इंटेलच्या कार्डांचा ड्रायव्हर, ‘आरई’ हा रिअलटेकचा, आणि पुढचा आकडा शून्यापासून मोजलेला क्रमांक.

एकाच जातीची दोन पोर्ट असतील, तर मात्र नावावरून काहीच उलगडत नाही, आणि अंदाजाने पहिलेच निवडून मोकळे होण्याची सवय मला तरी पटत नाही. त्याऐवजी इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावरून शेलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या जागी) जावे, केबल एकाच पोर्टला लावावी, ‘आयएफकॉन्फिग ईएम० अप’ अशी आज्ञा देऊन तो इंटरफेस चालू करावा, दुसऱ्यासाठीही तेच करावे आणि मग नुसते ‘आयएफकॉन्फिग’ चालवून प्रत्येकाची ‘स्टेटस’ची ओळ वाचावी. ‘ॲक्टिव्ह’ दिसेल तिथे केबल जोडलेली आहे. ‘नो कॅरियर’ दिसले, तर ते पोर्ट रिकामे आहे किंवा केबलच्या दुसऱ्या टोकाचा स्विच बंद आहे. तिथेच ‘ईथर’ या शब्दापुढे असलेला मॅक पत्ता (कार्डाचा ओळख-क्रमांक) टिपून ठेवावा, कारण राउटरवर कायमचा आयपी पत्ता राखून ठेवताना तोच लागतो. ‘एलओ०’ हा लूपबॅक, म्हणजे संगणकाने स्वतःशीच बोलण्याचा आभासी इंटरफेस आहे, त्याच्याकडे लक्ष देऊ नये.

वायफाय असले तरी शक्यतो केबलच वापरावी. काही वायफाय कार्डांचे फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) वेगळे डाउनलोड करावे लागते, आणि नेटवर्कच नसेल तर ते आणायचे कुठून? इंटरफेस निवडल्यावर डीएचसीपीला, म्हणजे आयपी पत्ता आपोआप मिळवण्याच्या सोयीला, होकार द्यावा. निवड चुकलीच, तर ‘/ईटीसी/आरसी.कॉन्फ’ या फाइलमधली ओळ नंतरही बदलता येते.