फार्मसीत बूस्टर डोस घेताय? या चुका टाळा

घराजवळच्या फार्मसीत बूस्टर मिळतो ही फार मोठी सोय आहे. पण नेहमीच्या डॉक्टरकडे आपली फाइल असते, फार्मासिस्टकडे बहुतेक वेळा नसते. आपण सांगू तेवढंच त्याला कळतं. त्यामुळे चुका व्हायच्या त्या बहुतेक सुई टोचण्याआधीच होऊन जातात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधीच्या डोसची नोंद सोबत न नेता जाणं. ‘मागे कधीतरी एक इंजेक्शन घेतलं होतं’ एवढ्यावर कुणालाच काही ठरवता येत नाही. मोठ्या माणसांना धनुर्वाताचा बूस्टर साधारण दर 10 वर्षांनी लागतो. जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल, तर शेवटच्या डोसला 5 वर्षं झाली असली तरी तो घ्यावा लागतो. तारीखच माहीत नसेल तर हा हिशेब मांडणार कसा? रेबीजच्या लसीचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. पूर्वी सगळे डोस घेतलेल्या माणसाला पुन्हा कुत्रा चावला, तर 2 डोस पुरतात, एक लगेच आणि दुसरा 3 दिवसांनी. जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागत नाही. नोंद सापडली नाही, तर बहुधा सगळा कोर्स पहिल्यापासून. (चावा झाल्यावर जखम साबणाने धुऊन दवाखानाच गाठायचा, फार्मसी नव्हे.) म्हणून डोस झाला की लसीचं नाव, बॅच नंबर आणि तारीख लिहून घ्या, कागदाचा फोटो काढून ठेवा.

उशीर झाला म्हणून बूस्टरच टाळणारेही खूप भेटतात. बहुतेक लसींत अंतर वाढलं तरी कोर्स पुन्हा सुरू करावा लागत नाही, राहिलेला डोस घ्यायचा आणि पुढे जायचं. घाई मात्र नडते. ठरलेल्या अंतराच्या बरंच आधी डोस घेतला तर शरीराचा प्रतिसाद कमी पडू शकतो.

फॉर्मवरच्या प्रश्नांवर न वाचता ‘नाही, नाही’ अशा खुणा करत सुटू नका. गरोदरपण, आधी कुठल्या लसीची किंवा औषधाची आलेली तीव्र अ‍ॅलर्जी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, रक्त पातळ करणारी गोळी, काखेतल्या गाठी काढल्याचं ऑपरेशन, हे सगळं न विचारताही सांगा. गोवर किंवा कांजिण्यांसारखी जिवंत विषाणूची लस गरोदरपणात देत नाहीत. अशा दोन लसी एकाच दिवशी घेता येतात, नाहीतर मध्ये किमान 4 आठवडे जाऊ द्यावे लागतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बारीक सुई वापरून नंतर किमान 2 मिनिटं जागा न चोळता दाबून धरली की सहसा अडचण येत नाही. ती गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका. साध्या सर्दीसाठी डोस पुढे ढकलायची गरज नाही, चांगला ताप असेल तर ढकला.

लस विकत घेऊन दुसरीकडे टोचायला नेत असाल, तर इथे खास जपा. बहुतेक लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवायच्या असतात. उन्हाची भीती सगळ्यांनाच असते, पण धनुर्वात किंवा हिपॅटायटिस बीच्या लसीला गोठणं जास्त घातक असतं. त्यातलं अ‍ॅल्युमिनियमचं क्षार गोठल्यावर गुठळ्या धरतं आणि वितळल्यावरही पूर्ववत होत नाही. म्हणजे काळजीपोटी बर्फात खुपसून नेलेली कुपीच निकामी होते. शक्यतो जिथे लस फ्रिजमधून निघते तिथेच टोचून घ्या, आणि कुपीवरची मुदत आपल्या डोळ्यांनी बघा.

घट्ट बाह्यांचे कपडे नकोत. बाही अर्धवट वर गेली की सुईची जागा चुकते. ती खांद्याच्या सांध्याजवळ फार वर लागली तर खांदा महिनोन्महिने दुखू शकतो. संपूर्ण दंड उघडा करा आणि बसूनच इंजेक्शन घ्या.

टोचून झाल्या झाल्या निघून जाणं ही मला सगळ्यात काळजीची गोष्ट वाटते. 15 मिनिटं तिथेच बसा, पूर्वी तीव्र अ‍ॅलर्जी आली असेल तर 30. चक्कर येऊन घाम फुटला तर आडवं झाल्यावर सहसा बरं वाटतं. अंगावर गांधी, ओठ सुजणं, श्वास घ्यायला त्रास, घरघर ही लक्षणं वेगळी. तेव्हा अ‍ॅलर्जीच्या गोळीची वाट बघायची नसते, मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लगेच द्यावं लागतं. ते तिथे आहे का, हे डोसआधीच विचारा. नसेल तर दुसरी जागा शोधा. यात संकोच कसला?

दुखेल या धास्तीने आधीच पॅरासिटामॉल घेऊ नका, नंतर त्रास झाला तर घ्या. त्या बाजूच्या काखेत गाठ सुजू शकते. मॅमोग्राफी जवळ आली असेल तर तिथे लस घेतल्याचं सांगा. संरक्षणही त्याच दिवशी मिळत नाही. फ्लूच्या लसीला साधारण 2 आठवडे लागतात, तेव्हा प्रवासाच्या आदल्या दिवशी घेऊन निर्धास्त होऊ नका. दंडाचं दुखणं एक-दोन दिवसांत ओसरतं. आठवड्यानंतरही हात वर होत नसेल किंवा लाली पसरत चालली असेल, तर डॉक्टरला दाखवा.