दुर्बिणीचा मिरर घासताय? मग या चुका टाळा, आणि झाल्याच तर हे करून बघा

सहा इंची मिरर घासायला घेतला की पहिले दोन दिवस जाम मजा येते. खाली टूल म्हणजे तेवढीच दुसरी गोल चकती, वर मिररची काच, मधे चमचाभर ८० नंबरचं कार्बोरंडम, म्हणजे घासायची कडक पूड (नंबर वाढेल तशी बारीक), आणि पाणी, खर्रर्र आवाज, शेजारचे डोकावून विचारतात काय चाललंय, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मधला खड्डा बोटालासुद्धा कळायला लागतो. मग ग्रुपवर फोटो पडतात. आणि पहिली चूक नेमकी इथेच होते, कारण हात थांबत नाही. १५० मिमीचा (सहा इंची) एफ ८ मिरर म्हणजे फोकल लेंग्थ व्यासाच्या आठपट, १२०० मिमी, वक्रतेची त्रिज्या दुप्पट म्हणजे २४००, आणि त्याला मधे खोली लागते फक्त १.१७ मिमी. बस, एवढीच. स्टीलची पट्टी काचेवर आडवी ठेवायची आणि मधोमध ड्रिल बिटचं गुळगुळीत टोक सरकवून बघायचं, १ मिमीचं सहज जातंय आणि १.२ चं अडतंय तिथे ८० नंबर बंद, उरलेली खोली पुढचे नंबर आपोआप घेतात. जास्त खोल गेलंच तर रडू नका, काच खाली आणि टूल वर घेऊन घासलं की खोली परत कमी होते.

दुसरी चूक स्वच्छतेची, आणि ही मी स्वतः केलीय. जानेवारीतली पुण्याची थंडी, अंगात स्वेटर, १२० नंबर झाला, २२० झाला, प्रत्येक वेळी बादली बदलली, टेबल धुतलं, नखं ब्रशने घासली, नवे पेपर अंथरले, आणि ४०० वर पाचव्या मिनिटाला 'करर्र'. काच उचलली तर मधून कडेपर्यंत केसाएवढी रेघ. दोन दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी स्वेटरची बाही उन्हात झटकली तेव्हा विणीतून काळी चमचमती पूड पडली! तेव्हापासून नंबर बदलला की कपडेही बदलतो. अशी रेघ पडली तर एक नंबर मागे जा आणि ती पूर्ण जाईपर्यंत तिथेच थांबा. पण पॉलिश झाल्यावर एखादी बारीक रेघ दिसली तर तिच्यासाठी आठवडा घालवू नका, तिने शनीच्या कड्यांना काही होत नाही, फक्त आपल्या मनाला टोचत राहते.

कडेचा उतारही लोक विसरतात. काचेच्या कडेला दीड-दोन मिमीची तिरकी धार घासलेली असायला हवी. घासता घासता ती झिजते, मग कडेचे टवके उडतात आणि तेच टवके मधे जाऊन रेघा पाडतात. धार लावायचा दगड पाण्यात बुडवून दर नंबरच्या आधी दोन फेऱ्या मारल्या की झालं.

एका जागी उभं राहून घासणं हा आणखी एक लोकप्रिय प्रकार. पूर्वी लोक पिंपाभोवती गोल गोल फिरत घासायचे ते उगाच नव्हतं. तुम्ही फिरलात, काच हातात थोडी थोडी फिरवलीत, की चुका सगळीकडे सारख्या वाटल्या जातात. आमच्यातल्या एकाने बाल्कनीत घासला, एका बाजूला वॉशिंग मशीन म्हणून तो कायम एकाच बाजूला उभा, आणि मिरर झाला तो अॅस्टिग्मॅटिझमवाला, म्हणजे दोन दिशांना वेगवेगळी वक्रता असलेला. ओळखायचं कसं, तर ताऱ्यावर फोकस थोडा आत घेतला की तारा एका दिशेला लांबट दिसतो आणि बाहेर काढला की बरोबर काटकोनात. पण लगेच मिररला दोष देऊ नका. मिरर त्याच्या सेलमध्ये, म्हणजे बैठकीत, ९० अंश फिरवून परत बघा. लांबटपणा मिररबरोबर फिरला तर दोष मिररमध्येच आहे. नाही फिरला तर मिररखालचा आधार बघा, दुय्यम आरसा (प्रकाश बाजूला वळवणारा छोटा आरसा) बघा, आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) बघा, आणि डोकं तिरकं करून स्वतःचा डोळासुद्धा बघा, चष्म्याचा नंबर असतो बऱ्याच जणांना!

आता पॉलिशिंग, म्हणजे पिच या डांबरासारख्या पदार्थाचा थर दिलेल्या टूलवर (याला लॅप म्हणतात) सेरियम ऑक्साइडची पूड घालून काच चमकवणं. अर्ध्या तासात मधला भाग आरशासारखा चमकतो आणि माणसाला वाटतं झालं की. कडेला मात्र अजून खड्डेच असतात. लेसर पॉइंटर तिरका मारा, जिथे काचेच्या पृष्ठभागावर ठिपका उजळ दिसतो तिथे पॉलिश अपुरं आहे, मधे आणि कडेला तुलना करा. सेरियम घालत आणखी कितीतरी तास जातात, त्याला शॉर्टकट नाही.

पिचवर मी जास्तच बोलतो असं घरचे म्हणतात, पण सगळा खेळ तिथेच आहे. डिसेंबरात मस्त चाललेलं पिच मे महिन्यात गुळासारखं पसरतं. अंगठ्याचं नख पाच-सहा सेकंद दाबून बघा, हलकी खूण उमटली तर ठीक, नख रुतलं तर मऊ, काहीच उमटलं नाही आणि कपची उडाली तर कडक. मऊ असेल तर मंद आचेवर तापवत टर्पेंटाइन उडू द्या, कडक असेल तर दोन-चार थेंब घाला, आणि हे उघड्या जाळावर अजिबात नको, भडका उडतो. लॅप मऊ असला, किंवा घासताना हात लांब लांब जात असले, किंवा काम सुरू करण्याआधी लॅप काचेवर नीट दाबून बसवला नसला की काचेची कड खाली वळते. सगळ्यात जास्त मिरर याच दुखण्याने जातात. आखूड हात, व्यासाच्या पाव ते तृतीयांश एवढेच, आणि दर वेळी आधी दाबून बसवणं, याने थोडी वळलेली कड सुधारते. जास्त वळली असेल तर परत बारीक घासणं. आणि तेवढा दम नसेल तर कडेचे ३ मिमी काळ्या रिंगने झाकून टाका, १५० चा मिरर १४४ चा होईल, साधारण ८ टक्के प्रकाश जाईल, पण चित्र स्वच्छ येईल. यात लाज कसली.

टेस्टिंगकडे येऊ. फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने १८५८ मध्ये सांगितलेली धारेची टेस्ट अजूनही घराघरात चालते, एक बारीक दिवा आणि दाढीचं ब्लेड, मिररवरून परत आलेला प्रकाश ब्लेडने अडवायचा आणि काचेवरच्या सावल्या बघायच्या. काच आधी गोलाच्या आकाराची होते, मग तिला पॅराबोला करायचं असतं, म्हणजे ताऱ्याचा सगळा प्रकाश एका बिंदूत येतो. या दोन आकारांत आपल्या सहा इंची मिररवर कडेला फरक किती, तर ०.२९ मायक्रॉनच्या आसपास, आणि तो ब्लेडने दिसतो! विश्वास बसत नसेल तर काचेच्या पृष्ठभागावर बोट मिनिटभर टेकवा आणि परत ब्लेडमागून बघा, उबेने काच फुगून टेकाड उभं राहिलेलं दिसेल. म्हणूनच पॉलिश झाल्या झाल्या टेस्ट करायची नाही, पंखा बंद, काच तास-दोन तास स्टँडवर गप उभी. साधी काच असेल तर आणखी वेळ द्या, ती पायरेक्सच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते.

इथली खरी घोडचूक मात्र आकड्याची असते. दिवा स्थिर आणि फक्त ब्लेड सरकतंय तर मधल्या भागाचा आणि कडेचा प्रकाश जिथे जुळतो त्या ब्लेडच्या दोन जागांत फरक यायला हवा २.३४ मिमी. दिवा आणि ब्लेड एकाच पाटावर सरकत असतील तर त्याच्या निम्मा, १.१७. एकाचं सूत्र दुसऱ्या सेटअपला लावलं की मिरर एक तर अर्धवट राहतो नाहीतर दुप्पट खणला जातो, आणि तुमचे आकडे मात्र वहीत एकदम परफेक्ट दिसतात.

हसू नका, हबल या अंतराळ दुर्बिणीचं याच जातीचं झालं. २.४ मीटरचा आरसा, तपासायच्या उपकरणातली एक लेन्स १.३ मिमी चुकीच्या जागी बसली, आणि त्या उपकरणावर भरवसा ठेवून आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला. म्हणजे अतिशय अचूकपणे चुकीचा! दुसऱ्या साध्या टेस्टमध्ये गडबड दिसत होती, पण मुख्य उपकरण जास्त अचूक म्हणून ती बाजूला सारली गेली. एप्रिल १९९० ला दुर्बीण वर गेली, आणि चष्मा लागला डिसेंबर १९९३ मध्ये, तोही अंतराळवीर पाठवून. आपल्याकडे अंतराळवीर नाहीत, त्यामुळे ब्लेडनंतर रॉन्ची जाळी (बारीक समांतर रेघांची पट्टी) लावून बघा, आणि कोटिंगला पाठवायच्या आधी कोरी काचच नळीत बसवून एखाद्या ठळक ताऱ्यावर बघा. ४ टक्के परावर्तनसुद्धा त्याला पुरतं.

कोटिंग म्हणजे जेमतेम ०.१ मायक्रॉन जाडीचं अॅल्युमिनियम. तमिळनाडूतल्या कावळूरच्या २.३४ मीटर वेणू बाप्पू दुर्बिणीसारख्या मोठ्या वेधशाळांमध्ये आरसा उतरवून जुना थर काढायचा, धुवायचा आणि तिथल्याच व्हॅक्यूम टाकीत नवा चढवायचा अशी सोय असते, आपण कुरियरने पाठवतो. माझा एक मिरर परत आला तो कडेला पापुद्रे सुटलेला. भांडायला फोन उचलला होता, मग आठवलं की तिरक्या धारेवर पिचचे काळे ठिपके तसेच राहिले होते. फोन ठेवला.

आणि त्यानंतर पुसणं! टॉर्च मारला की कुठलाही मिरर घाणेरडाच दिसतो, म्हणून टॉर्च मारूच नका. धुळीने होत नाही एवढं नुकसान रुमालाने होतं. मोठ्या वेधशाळांत कार्बन डायऑक्साइडचा बर्फासारखा फवारा मारून धूळ उडवतात, कापड लावतच नाहीत. घरी वर्ष-दोन वर्षांनी धुवायचाच असेल तर अंगठी काढा, टबात तळाला टॉवेल, आधी नुसतं वाहतं पाणी, मग भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, कापसाचा बोळा स्वतःच्या वजनाने ओढायचा आणि एका ओढीत फेकून द्यायचा, शेवटी डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी वाळलं तर क्षारांचे ठिपके कायमचे. काच पुसायचा निळा स्प्रे तर लांबच ठेवा, त्यातला अमोनिया अॅल्युमिनियम खातो.

दव पडलेल्या मिररवर झाकण लावून झोपायला जाणं ही कोकण आणि घाटमाथ्यावरची खास चूक. आधी घरात वाळू द्या, मग झाकण. पावसाळ्यात जुन्नरजवळ गिरवलीची, आयुका या पुण्याच्या खगोल संस्थेची २ मीटरची दुर्बीणसुद्धा निरीक्षण बंद ठेवते, आपणही सिलिका जेलच्या पुड्या टाकून गप बसावं.

परत बसवताना क्लिप आवळू नका. आवळल्या की तारे तिकोनी दिसतात आणि माणूस बिचारा रात्रभर कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणं, करत बसतो. क्लिप आणि काच यांच्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट ठेवा, नळी हलकेच हलवली की आतून 'टक' असा बारीक आवाज यायला हवा.