इंजिनाच्या हवेच्या वाटेवरील सेन्सर घरी कसे स्वच्छ करावेत

गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर अडखळते, उभी असताना आयडलिंग वरखाली होते आणि ॲव्हरेजही उतरले आहे, अशा तक्रारी एकदम आल्या की बहुतेकांचे लक्ष आधी प्लगकडे आणि इंजेक्टरकडे जाते. त्यांची तपासणी व्हायला हवीच; पण त्याआधी हवेच्या वाटेवर बसवलेले सेन्सर पाहून घ्यावेत, कारण ते स्वच्छ करायला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही आणि इंजिन उघडावेही लागत नाही. काम सोपे आहे, तरी घाईचे मुळीच नाही. हे सेन्सर धुवायचे असतात, पुसायचे नसतात, एवढी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली तर बाकीचे सारे निभावते.

यातला मुख्य सेन्सर म्हणजे मास एअर फ्लो सेन्सर, ज्याला थोडक्यात ‘मॅफ’ म्हणतात. तो एअर फिल्टरचा डबा आणि थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटरनुसार हवेची वाट कमीजास्त उघडणारा भाग) यांच्या मधल्या नळीवर असतो. त्याच्या पोटात केसासारखी बारीक तार किंवा अतिशय पातळ फिल्म असते आणि ती विजेवर सतत तापती ठेवलेली असते. आत शिरणारी हवा तिला थंड करते, आणि तिला हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवण्यासाठी किती वीज द्यावी लागली यावरून किती वजनाची हवा आत गेली हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाला, कळते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. तेव्हा हवेचे माप चुकले की पेट्रोलचे मापही चुकते. त्या तारेवर धूळ आणि तेलाची वाफ यांचा थर बसला, की तिने गोधडी पांघरल्यासारखे होते. हवा भरपूर वाहत असली तरी तार पुरेशी थंड होत नाही, ईसीयूला हवा कमी असल्याचे वाटते आणि तो पेट्रोल आखडता सोडतो. ही तूट धुराच्या नळीतल्या ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने मागाहून भरून काढली जाते, म्हणून बिघाड बरेच दिवस लपून राहतो.

हा लपलेला बिघाड ओळखायला ओबीडीच्या (गाडीतल्या दोष-तपासणी यंत्रणेच्या) सॉकेटला लागणारा साधा स्कॅनरही पुरतो. पी०१०१ हा कोड मॅफचे वाचन पट्ट्याबाहेर असल्याचे सांगतो, तर पी०१७१ मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी असल्याचे. पण केवळ कोडवर विसंबू नये; पेट्रोल गाडीत ‘फ्युएल ट्रिम’चे आकडे, म्हणजे ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती टक्के जास्त वा कमी पेट्रोल सोडतो ते, पाहावेत. हे आकडे शून्याच्या आसपास असावेत आणि उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत राहिले तर सहसा चिंता नसते. आयडलिंगला ट्रिम बरीच अधिक आहे आणि आरपीएम वाढवल्यावर ती शून्याकडे सरकते, असे दिसले तर संशय नळीतल्या किंवा मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या) गळतीवर घ्यावा. उलट आयडलिंगला आकडा बरा आणि चढावर किंवा जोरात गाडी ओढताना तो वाढत जात असेल, तर मॅफ मळल्याची शक्यता मोठी. हा फरक समजून न घेता सेन्सर धूत बसणाऱ्यांचा वेळ फुकट जातो, म्हणून त्यावर इतका भर देत आहे. डिझेल गाडीत मॅफचा उपयोग प्रामुख्याने ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) आणि धूर यांच्या नियंत्रणासाठी होतो. तिथे ट्रिम पाहण्याऐवजी कमी झालेली ताकद आणि काळा धूर यांवरून अंदाज बांधावा लागतो.

आणखी एक गोष्ट आधीच पाहून घ्यावी. अनेक लहान गाड्यांना मॅफ नसतोच. तिथे मॅनिफोल्डवरचा मॅप सेन्सर हवेचा दाब आणि तापमान मोजतो व त्यावरून ईसीयू हवेचा हिशेब करतो. आपल्या गाडीत काय आहे हे मॅन्युअलमध्ये पाहून मगच बॉनेट उघडावे.

स्वच्छतेसाठी मॅफ सेन्सर क्लीनर म्हणूनच विकला जाणारा स्प्रे घ्यावा. तो पटकन उडून जातो आणि मागे कोणताही थर ठेवत नाही. कार्बोरेटर क्लीनर आणि ब्रेक क्लीनर ही दोन्ही द्रव्ये मळ काढण्यात जोरकस आहेत, पण ती प्लास्टिकला आणि सेन्सरवरच्या आवरणाला बाधू शकतात, शिवाय त्यांतली काही मागे अंश सोडतात. म्हणून ती कपाटातच राहू द्यावीत. स्प्रे ज्वालाग्राही असतो. काम मोकळ्या हवेत, इंजिन पूर्ण थंड असताना, आसपास ज्योत किंवा ठिणगी नसताना करावे आणि डोळ्यांवर चष्मा व हातात मोजे असावेत.

इग्निशन बंद करून किल्ली काढावी आणि बॅटरीचे उणे टोक सोडवावे. मग कनेक्टरची कुलपी दाबून, तारांना न ओढता, कनेक्टरच्या प्लास्टिकलाच धरून तो बाहेर घ्यावा. जुनी कुलपी कडक झालेली असते आणि जोर लावल्यास तुटते, तेव्हा इथे अंगठ्याला जरा सबुरी हवी. सेन्सर बहुधा दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. ते अनेकदा टॉर्क्स प्रकारचे (सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे) असतात, आणि काहींच्या मध्यभागी लहान खुंटी असल्याने टोकाला भोक असलेलाच पाना लागतो. स्क्रू निघाल्यावर सेन्सर सरळ वर उचलावा. तिरका ओढला तर त्याचे टोक भोकाच्या काठावर आपटते. त्यापूर्वी भोवतालची धूळ ब्रशने झाडून घ्यावी, नाहीतर ती उघड्या भोकातून थेट आत पडते.

बाहेर काढलेला सेन्सर उजेडात धरून पाहावा. लहान खिडकीत तार किंवा फिल्म दिसते आणि शेजारी मण्यासारखा छोटा थर्मिस्टर दिसतो. तो हवेचे तापमान मोजतो. मळलेल्या तारेवर राखाडी लव चढलेली असते, किंवा चिकट, तपकिरी झाक दिसते. आता सेन्सरचे टोक खाली करून पांढऱ्या कागदावर धरावे आणि १० ते १५ सेंटिमीटर अंतरावरून १० ते १५ आखूड फवारे मारावेत: तारेवर, थर्मिस्टरवर आणि हवा जाण्यायेण्याच्या फटींत. सुरुवातीचे थेंब कागदावर तपकिरी पडतात, मग फिकट, आणि शेवटी स्वच्छ. थेंब स्वच्छ पडू लागले की थांबावे. फवाऱ्याची नळी तारेला टेकवू नये, कापूस, कापड, ब्रश वा बोट लावू नये आणि कॉम्प्रेसरची हवा मारू नये. सुरुवातीच्या काळात मी कानाच्या कापसाच्या काडीने तार हलकेच टिपली होती. कापसाचा एक धागा तिला चिकटला, तो काढताना तार तुटली आणि नवा सेन्सर घ्यावा लागला. त्यानंतर मी कापूस या कामाच्या जवळपासही ठेवत नाही.

सेन्सर आपोआप वाळू द्यावा. द्राव दिसेनासा झाला तरी तो कोपऱ्यांत रेंगाळतो, म्हणून किमान अर्धा तास थांबावे. हेअर ड्रायर वापरू नये.

या अर्ध्या तासात मॅप सेन्सर पाहून घेता येतो. त्याच्या टोकाला एक बारीक छिद्र असते आणि आत दाब ओळखणारा पातळ पडदा. टर्बो डिझेलमध्ये या छिद्रावर काजळी आणि तेल यांचा काळा लगदा साचतो. छिद्र खाली ठेवून दोन-चार हलके फवारे मारावेत, द्राव निथळू द्यावा आणि पुन्हा तसेच करावे. छिद्रात सुई, तार किंवा टाचणी कधीही घालू नये. पडदा फाटला की सेन्सर संपला. त्याची परीक्षा मात्र सोपी आहे. सगळे जोडून झाल्यावर, इंजिन चालू न करता नुसती इग्निशन दिली असता त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवावा, म्हणजे समुद्रसपाटीला साधारण १०० किलोपास्कल. पेट्रोल इंजिन गरम होऊन आयडलिंगला आले की तो बहुधा ३० ते ४० च्या आसपास उतरतो.

जोडणी करताना सेन्सरभोवतीची रबरी ओ-रिंग चिरलेली किंवा पिळलेली नाही ना हे पाहावे, कारण तिथून शिरणारी हवा मापात येत नाही. सेन्सरवर बाण असेल तर त्याचे टोक इंजिनाकडे हवे. स्क्रू हाताने घट्ट करावेत. प्लास्टिकच्या आट्या लवकर झिजतात.

आता मूळ प्रश्न राहतो: मळ आला कुठून? फिल्टर डब्यात नीट न बसल्यास कडेने धूळ शिरते. डब्याच्या आतल्या बाजूला, फिल्टरच्या पुढे म्हणजे इंजिनाच्या बाजूला, धुळीचा माग दिसला तर तेच कारण समजावे. तेल लावून वापरायच्या कापडी फिल्टरला तेल जास्त झाले, तर ते उडून थेट तारेवर बसते. नळीच्या घड्यांमधल्या चिरा आणि ढिले क्लॅम्प याच वेळी तपासावेत. हे दुरुस्त केले नाही, तर धुतलेला सेन्सर पुन्हा मळतो.

शेवटी बॅटरी जोडून इंजिन सुरू करावे. पहिली काही मिनिटे आयडलिंग थोडे डळमळेल, कारण ईसीयू नव्याने जुळवून घेत असतो. जुने कोड पुसून टाकावेत, काही दिवस नेहमीसारखी गाडी चालवावी आणि मग ट्रिम पुन्हा पाहावी. आकडे शून्याकडे आले तर त्यांची नोंद तारखेसह सर्व्हिस बुकात करावी. जोर लावताना ट्रिम अजूनही वाढतच असेल, तर दुसऱ्यांदा धुण्याचा आग्रह धरू नये. इंधनाचा दाब तपासून घ्यावा, आणि तो योग्य असेल तर सेन्सर बदलावा.